पेटी थांबली की आमेन

केरबानं पालुपद पुन्हा धरलं, तेव्हा पास्टर नाथाजींनी मिटलेल्या डोळ्यांपैकी एक हळूच उघडला. उजवा हात तसाच वर उचललेला, कपाळावर घाम, आणि तो एक डोळा पेटीकडे. केरबाचं तिकडे लक्ष नव्हतं. डाव्या हातानं भाता मारत तो पुरुषांच्या बाजूला, खांबापाशी बघत होता. तिथं बसलेल्या लालासाहेबाच्या पायाचा अंगठा चटईची काडी उसकटत होता.

*दार आहे उघडं, दिवा लावलेला,*
*पायांनो माझ्या, का रे उशीर केला?*

बायकांच्या बाजूला मनुबाई ओठ हलवत होती. नुसतेच ओठ, आवाज नाही. लग्न होऊन आली त्या वर्षी नवऱ्यानं तिचं गाणं एकदा ऐकलं होतं आणि फार प्रेमानं सांगितलं होतं, "तू नुसती व्हट हलव. देवाला ऐकू जातंय." तेव्हापासून तिनं कुठल्याच गाण्यात आवाज मिसळला नव्हता. त्यामुळे एक मात्र झालं. बाकीच्या बायका डोळे मिटून गाण्यात रंगायच्या, तेव्हा मनुबाईचं ध्यान नवऱ्याच्या बोटांवर आणि नजरेवर असायचं. त्याची नजर खिळली तिथं तिनंही पाहिलं. फौजेतून हवालदार होऊन परतलेला, मिशीला पीळ देऊन ताठ बसणारा लालासाहेब, आणि त्याचा तो बेचैन अंगठा.

पेटी पुन्हा वळली. तेच पालुपद, पण आता जरा सावकाश, कुणासाठी तरी दारात थांबून राहावं तसं. लालासाहेब उठला. एकदा खाली बसला, पुन्हा उठला, आणि मग सरळ पुढे येऊन टेबलासमोर गुडघे टेकून बसला. आधी कवायतीत बसल्यासारखा ताठ. मग त्याचे खांदे हलायला लागले. केरबानं कडवं शेवटपर्यंत नेलं, भाता मिटला.

"आमेन," पास्टर म्हणाले.

आष्ट्यातल्या त्या प्रार्थना भवनात हा रिवाज कुणी ठरवला नव्हता, पडून गेला होता. प्रवचन संपलं की पास्टर डोळे मिटून हात वर करायचे आणि बोलावणं करायचे. ज्याला आपलं जीवन प्रभूच्या हाती द्यायचंय त्यानं पुढे यावं, ज्याच्या मनावर ओझं आहे त्यानं यावं, जो लांब गेलाय त्यानं परत यावं. आलेल्यानं वेदीपाशी गुडघे टेकायचे. वेदी म्हणजे एक सागवानी टेबल, वर क्रोशाचं पांढरं झाकण आणि स्टीलच्या पेल्यात शेवंती. मिटलेल्या डोळ्यांना कोण आलं, कोण येतंय, काय कळणार? पास्टर पेटीवर भरवसा ठेवून होते. पेटी वाजतेय तोवर बोलावणं चालू. पेटी थांबली की आमेन.

जागा पूर्वी हळदीचं गोदाम होती. भिंतींना दोनदा चुना दिला, खिडक्या पाडल्या, तरी शहाबादी फरशीच्या भेगांत मुरलेली हळद काही निघाली नाही. पावसाळी हवेत अजून वास यायचा. बसायच्या जागी चटया असायच्या, पण वेदीपुढची फरशी उघडी. त्यामुळे पुढे येऊन गुडघे टेकणारा माणूस उठला की त्याच्या गुडघ्यांवर दोन पिवळे ठसे. आष्ट्याच्या बाजारात रविवारी दुपारी अशी विजार दिसली की दुकानदार गालात हसायचे. "काय पावनं, हळद लागली म्हणायची."

त्या भवनात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात कधी ना कधी ते ठसे आले होते. मनुबाईच्या पांढऱ्या साडीला तर कितीदा. केरबाचा लेंगा मात्र आजवर स्वच्छ होता, आणि हे तिच्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. येणार कसं? तो तर वेदीच्या शेजारीच ओट्यावर बसलेला. लोकांना वाटायचं, केरबातात्या म्हणजे पास्टरांच्याही आधीपासूनचे.

ती अधूनमधून विषय काढायची. केरबाचं उत्तर ठरलेलं असायचं. आपला बाप जुन्या मिशनच्या देवळात घंटा वाजवत होता, आपला बाप्तिस्मा पाळण्यातून उचलून झालाय, आणि वर पुन्हा, "मी पुढंच बसलोय की गं. आनि कुठं पुढं येऊ?" असं म्हणून तो हसायचा. तीही हसायची. पण रोजच्या प्रार्थनेत सगळ्यांची नावं घेऊन झाली की तिचा आवाज खाली यायचा, आणि शेवटचं नाव ती अगदी हळू घ्यायची.

*

त्याच रविवारी चपला शोधताना बनुबाईनं तिला कोपरानं ढोसलं. बनुबाई शेजारीण, आणि आष्ट्यातली कुठलीही बातमी आधी तिच्या अंगणातून जायची.

"मने, तुला कळलं न्हाई व्हय? पास्टरांचा भाचा येतोय फुडच्या ऐतवारी. सांगलीचा. जयराज."

"येऊ दे की."

"नुसता न्हाई येत. इलेक्ट्रिकची पेटी घिऊन येतोय. तिला कीबोर्ड म्हणत्यात. ढोलकीबी तीच वाजवती, बासरीबी तीच." बनुबाईनं आवाज उतरवला. "तात्यांचं कसं हुनार गं मग?"

मनुबाईनं चप्पल उलटी घातली, काढली, पुन्हा घातली.

तात्यांचं कसं होणार, हा प्रश्न नव्हताच. ते तिला पक्कं माहीत होतं. जुना पेटीवाला गाव सोडून गेला तेव्हा पास्टर स्वतः घरी आले होते. त्या काळी केरबा नाताळ सोडला तर कुठल्या देवळाची पायरी चढत नव्हता. पेटीसाठी आला, पेटीपाशी बसला, पेटी मिटली की उठला. उद्या पेटी गेली तर रविवारी सकाळी हा माणूस लिंबाखाली खुर्ची टाकून पेपर वाचत बसणार, आणि एकदा बसला की त्याला देवदूतही उठवणार नाहीत. इतकी वर्षं वेदीच्या हातभर अंतरावर आणून ठेवलेला माणूस ह्या इलेक्ट्रिकच्या पेटीपायी दारातून बाहेर जाणार.

घरी आल्यावर तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि भिंतीकडे बघत सांगितलं, कीबोर्ड येतोय म्हणं.

"बरं," केरबा म्हणाला आणि कांदा फोडला.

तेवढंच. ना राग, ना प्रश्न. तिला ते फार वाईट वाटलं. आणि मग तिला गुरुवार आठवले. गेले कितीक गुरुवार तो पेटी फडक्यात बांधून, एसटीत मांडीवर घेऊन सांगलीला जात होता. भात्याला ठिगळ लावायचंय म्हणायचा. एका भात्याला किती ठिगळं लागतात? आता तिला उलगडा झाला. ह्याला आधीच कुणकुण लागली असणार. जुनी पेटी नव्या कीबोर्डापुढे टिकावी म्हणून म्हातारा तिला नटवत होता. तिनं न विचारता त्याच्या भाकरीवर आणखी लोणी घातलं. केरबानं लोण्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"आज काय हाय?"

"कुठं काय? खावा गप."

*

मंगळवारी ती मेथीच्या दोन जुड्या घेऊन पास्टरांच्या घरी गेली. नाथाजी परसात म्हशीसाठी वैरण तोडत होते आणि तोडता तोडता पुढच्या रविवारचं प्रवचन म्हणून बघत होते. त्यांचं प्रवचन असंच तयार व्हायचं, विळ्याच्या ठेक्यावर. अर्धं बोललेलं, अर्धं गायलेलं. चार वाक्यं झाली की पाचवं आपोआप चालीत शिरायचं. शहरातून कुणी पाहुणा प्रवचनाला आला आणि सरळ भाषण करून गेला, तर आष्टेकर माघारी म्हणायचे, माणूस चांगला हाय, पन गळ्याबिगर बोलतोय.

मनुबाईनं मेथी कट्ट्यावर ठेवली आणि आल्या आल्या मुद्द्याला हात घातला. तिनं सांगितलं की कीबोर्ड नको. आला असेल तर कोपऱ्यात असू दे, नाताळला वाजवू. आपल्या माणसाला पेटीशिवाय दुसरं काही नाही. पेटीमुळे तो तिथं येतो.

"पन मावशी, तात्या तुमाला काय—"

"ते काय बोलनार? बोलनारा मानूस हाय का त्यो? 'बरं' म्हनला आनि कांदा फोडला."

पास्टरांनी विळा खाली ठेवला. त्यांच्या तोंडावर काहीतरी आलं आणि तिथंच थांबलं. ते म्हणाले की आता नाइलाज आहे, त्यांनी एकाला शब्द दिलाय, तो मोडता येणार नाही. तुम्ही तात्यांशीच बोला.

शब्द बहिणीला दिला असणार, भाच्यासाठी. मनुबाई उठली. मेथी परत न्यावी असं तिला क्षणभर वाटलं, पण ती तशी बाई नव्हती. फाटकापाशी ती वळली.

"पास्टर, एक सांगा. त्यांच्या पायांत तुमी कवा पुढं यायचं बळ मागितलंय का?"

तेवढ्यात म्हशीनं मेथीच्या जुडीला तोंड घातलं आणि पास्टर ती सोडवायला धावले.

*

रविवारी केरबा नेहमीपेक्षा लवकर अंघोळीला गेला. इस्त्रीचा पांढरा लेंगा, पांढरा सदरा, डोक्याला टोपी. पेटी उचलून त्यानं फळीवर ठेवली, वर फडकं टाकलं, फडक्याची चारही टोकं सारखी केली आणि क्षणभर त्यावर तळवा ठेवला. मनुबाईनं चुलीकडे तोंड फिरवलं. निदान येतोय तरी, तिनं मनात म्हटलं.

भवनात ओट्यावर केरबाच्या जागी आता लोखंडी स्टँड उभा होता आणि स्टँडवर तो लांबलचक काळा कीबोर्ड. मागं जयराज. सांगलीत मोबाईलच्या दुकानात काम करणारा, पंचविशीचा, हसरा. केरबाला दारात पाहताच तो लगबगीनं उठला आणि वाकून नमस्कार करायला निघाला. केरबानं त्याला हातानंच खाली बसवलं. मनुबाईला ते जास्तच लागलं. पोरगा गुणी होता. नसता तर बरं झालं असतं.

मग कुणालाच कळेना की केरबातात्यांनी बसायचं कुठं. ओट्याखेरीज दुसरीकडे त्यांना कुणी पाहिलंच नव्हतं. लालासाहेबानं खांबाजवळची आपली जागा झाडली.

"तात्या, इकडं या. पुढं या."

"हितं बरा हाय मी. वारा लागतोय," केरबा म्हणाला आणि मागं, अगदी मागं, चपलांच्या ढिगापाशी भिंतीला टेकून बसला.

पंचाईत झाली सगळ्यांची. माना वळायच्या आणि लगेच पुढे फिरायच्या. बनुबाईनं मनुबाईचा हात दाबला. मनुबाईनं तो सोडवून घेतला.

पण प्रवचन सुरू झालं आणि हळूहळू लोक विसरले. नाथाजी त्या दिवशी गळा घेऊन आले होते. त्यांनी जकातदाराची गोष्ट घेतली. उंचीनं बुटका, पैशानं तट्ट, आणि गावात कुणी ज्याला पाणी विचारत नाही असा जकातनाक्यावरचा माणूस. प्रभू त्या गावातून जाणार म्हणून रस्त्याला ही गर्दी. ह्याला दिसतात फक्त लोकांच्या पाठी. मग काय करावं त्यानं? टोपी काखेत मारली, धोतराचा काचा मारला आणि चढला उंबरावर.

*उंबराच्या फांदीवर कोण गं बसलं?*
*पानाआड पानाआड तोंड का झाकलं?*

बायकांनी ओळ उचलली. जयराजची बोटं चुकत नव्हती. कीबोर्डातून खरंच ढोलकी वाजत होती, आणि म्हाताऱ्या माणसांनीही मान डोलवायला सुरुवात केली. पास्टरांनी तो जकातदार असा काही उभा केला की सगळ्यांना तो दिसायला लागला. त्याला वरून सगळं दिसतंय, पण तो कुणाला दिसत नाही, ह्या आनंदात बसलेला. गर्दी त्याच्या पायाखालून चाललीय. आणि प्रभू नेमके त्याच झाडाखाली थांबतात, वर बघतात, नावानं हाक मारतात. उतर खाली. आज तुझ्या घरी जेवायला येणार मी.

"आनि घरात पीठ संपल्यालं," पास्टर म्हणाले.

बायकांत हशा पिकला. मनुबाईलाही हसू आवरलं नाही.

*उतर रं गड्या, उतर रं खाली,*
*दिवस कलला, घराची वेळ झाली.*

ही ओळ पास्टरांनी तीनतीनदा फिरवून घेतली. शेवटच्या वेळी त्यांचा आवाज मध्येच कापला. खाकरून त्यांनी तो सांभाळला. मनुबाईनं मान वळवून मागं पाहिलं. केरबा डोळे मिटून स्वतःच्या गुडघ्यावर ठेका धरत होता.

मग पास्टरांनी डोळे मिटले, उजवा हात वर केला आणि बोलावणं केलं. जयराजनं ढोलकी बंद करून मंद सूर लावला.

*दार आहे उघडं, दिवा लावलेला,*
*पायांनो माझ्या, का रे उशीर केला?*

एकदा झालं. एक तरुण जोडपं पुढे गेलं, बाळासकट. दुसऱ्यांदा सुरू झालं, तेव्हा मागं भिंतीपाशी चपला सरकल्याचा आवाज आला. मनुबाईनं पाहिलं. केरबा उठला होता. भिंतीचा आधार घेऊन तो चपलांकडे वाकला होता, आणि दार त्याच्या हातभर अंतरावर होतं.

झालं, तिला वाटलं. चालला. आता लिंबाखालची खुर्ची. तिनं डोळे घट्ट मिटले, म्हणजे त्याची पाठ दिसायला नको.

"मने," बनुबाई पुटपुटली. "अगं मने, बघ की."

केरबा गुडघा चोळून सरळ झाला होता. चप्पल जिथल्या तिथं होती. त्यानं टोपी काढून सदऱ्याच्या खिशात घातली आणि पुरुषांच्या आणि बायकांच्या मधल्या वाटेनं पुढे निघाला.

तो हळू चालत होता. सांध्यांनी कधीच साथ सोडली होती, आणि इतका वेळ भिंतीला बसून पाय आखडले होते. एक पाऊल, मग जरा थांबणं, मग दुसरं. गाणाऱ्यांचे आवाज एकेक करून बारीक झाले, कारण जो तो बघायला लागला. लालासाहेबाचं तोंड उघडंच राहिलं. तिसरं पालुपद सुरू झालं, तेव्हा केरबा अजून वाटेच्या मध्यावरही नव्हता.

जयराज कीबोर्डावर वाकला होता. त्यानं तिसरं पालुपद नेटकं संपवलं, शेवटचा सूर छान लांब सोडला आणि बोटं उचलली.

पेटी थांबली.

केरबाही थांबला. इतकी वर्षं हा रिवाज ज्यानं स्वतःच्या हातानं पाळला, त्याला तो मोडणं कसं जमावं? थांबली म्हणजे झालं. त्यानं एक हात खांबावर ठेवला आणि मागं, आपल्या जागेकडे पाहिलं. अंतर दोन्हीकडे सारखंच होतं. पास्टरांच्या मिटलेल्या डोळ्यांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांनी आमेनसाठी श्वास घेतला. मनुबाईला त्यांची छाती भरलेली दिसली.

आणि ती गायला लागली.

आधी तो आवाज कुठून येतोय हेच कुणाला समजेना. जाडाभरडा, खर्जातला, जात्यातून निघाल्यासारखा. सुराला तो लागून होता असं कुणी म्हटलं नसतं. सुराच्या खालून, बांधाकडेनं चालला होता. पण शब्द चोख होते. *दार आहे उघडं.* बनुबाई दचकून बाजूला सरकली. *दिवा लावलेला.* पास्टरांनी भरलेला श्वास तसाच सोडून दिला आणि एक डोळा उघडला. मग दुसराही उघडला.

मनुबाईचे डोळे नवऱ्याच्या पायांवर होते. डावा अंगठा चटईची काडी उसकटत होता. ती पालुपद संपवून परत पहिल्या ओळीला आली, जरा सावकाश. पाय उचलला गेला. बनुबाईनं आवाज मिसळला, मग लालासाहेबानं, मग सगळ्यांनी. प्रत्येकानं आपापली पट्टी सोडून मनुबाईची धरली, आणि सगळं भवन तिच्या त्या खर्जात घुमायला लागलं. जयराज कीबोर्डावर सूर शोधत होता, त्याला काही सापडेना. शेवटी त्यानं हात मांडीवर ठेवले आणि तोही गायला लागला.

केरबा वेदीपाशी पोचला. टेबलाचा काठ धरून त्यानं आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा. पास्टर त्याच्याशेजारी खालीच बसले आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. दोघं काय बोलले ते कुणाला ऐकू आलं नाही. मनुबाई गातच होती. कुठं थांबायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. अखेर बनुबाईनं तिचा पदर ओढला.

"बास गं आता. आमेन म्हनू दे त्यास्नी."

*

परतताना ती मोपेडवर मागं बसली होती. ऊस तुटून गेलेल्या रानांवरून वारा येत होता. केरबाच्या गुडघ्यांवरचे पिवळे ठसे त्याच्या कमरेवरून वाकून तिनं दोनदा पाहिले.

"जयराज बरा वाजवतोय," केरबा मान मागं न वळवता म्हणाला.

"बराय."

"समदं शिकवलं त्याला. चाली शिकवल्या, पास्टर कुठं चढत्यात, कुठं उतरत्यात, समदं. लांबवायचं तेवढं सांगायचं राहिलं बघ."

मोपेड एक बांध ओलांडून गेली. तिच्या डोळ्यांपुढून गुरुवार सरकत गेले. फडक्यात बांधलेली पेटी, एसटी, सांगली, आणि एकाच भात्याला लागलेली ती असंख्य ठिगळं. मग पास्टरांचा विळा, आणि त्यांनी एकाला दिलेला शब्द.

"म्हंजे तुमीच त्याला आनवलं—"

"पुढं बसल्याला मानूस, त्याला पुढं या म्हनलं तर त्यानं जायचं कुठं? आनि हात गुतल्यालं. ते काढलं तर पेटी थांबती." त्यानं ब्रेक दाबून एका म्हशीला वाट दिली. "तुझा सूर लय खालचा लागला पन."

तिनं त्याच्या पाठीत एक धपका घातला. मोपेड जराशी हलली आणि सरळ झाली.

*

साबण लागला की हळद लाल होते, आणि उन्हात टाकलं की डाग उडून जातो, हे आष्ट्यातल्या लहान पोरीलाही ठाऊक असतं. सोमवारी सकाळी मनुबाईनं लेंगा धुतला, पिळला, झटकला. गुडघ्यांवर दोन लालसर गोल उठले होते. अंगणातल्या तारेवर लख्ख ऊन होतं. ती तारेखालून गेली आणि लेंगा गोठ्यातल्या आडव्या वाशाला, छपराखाली वाळत घातला.

कुडाच्या पलीकडून बनुबाईनं मान वर काढली.

"उन्हात टाक की गं. सावलीत डाग जाईल व्हय?"

"वाळू दे तितंच," मनुबाई म्हणाली.

आतून पेटीचा आवाज आला. केरबानं ती फळीवरून काढली होती. कालचंच पालुपद, पण नेहमीच्या पट्टीत नाही. तो एक सूर खाली उतरला, थांबला, पुन्हा थोडा खाली आला. चाचपडत, शोधत. मग एका जागी बोटं स्थिरावली आणि गाणं सुरू झालं, जाडंभरडं, खर्जातलं.

"घावली गं तुझी पट्टी," तो आतून म्हणाला. "ये."

मनुबाईनं ओले हात पदराला पुसले. बादली पालथी घातली, साबण कोनाड्यात ठेवला, लेंग्याची एक घडी सारखी केली. घाई नव्हती. पेटी काही थांबणार नव्हती.